घरचं सोयाबीन

अण्णांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन सांगलीत करायचं ठरलं तेव्हा मी फोनवर त्यांना म्हटलं, येताना चार-पाच किलो सोयाबीन घेऊन या. पलीकडं थोडा वेळ आवाजच नाही. मग म्हणाले, "सोयाबीन? ते आणि कशाला गं? कुंडीत पेरतीस काय?" मी म्हटलं, नाही हो, खायला. "खायला?" हे त्यांनी ज्या सुरात विचारलं तो सूर अजून माझ्या कानात आहे, कारण त्यात चेष्टा नव्हती, खरोखरचं आश्चर्य होतं, जणू मी कापूस नाहीतर एरंडी खायला मागितली होती.

आमचं गाव वाळवा तालुक्यात, कृष्णेच्या काठाला. मळीचं, म्हणजे नदीच्या गाळाचं रान. मी आठवीत होते तेव्हा आमच्या रानात पहिल्यांदा सोयाबीन आलं, त्याआधी खरिपात भुईमूग असायचा. तेव्हापासून आजपर्यंत ऊस मोडला की सोयाबीन, सोयाबीन निघालं की हरभरा नाहीतर गहू, हे चक्र चालूच आहे. जूनमधे पाऊस झाला की टोकणी, शंभर दिवसात काढणी, दसऱ्याच्या आसपास मळणी मशीनचा आवाज, अंगभर तो बारीक खाजरा भुसा, आणि दिवाळीला हातात पैसा. माझ्या कॉलेजची फी, भावाची मोटरसायकल, घरावरचा स्लॅब, सगळ्यात सोयाबीन आहे. पण तीस वर्षात ते एकदासुद्धा आमच्या ताटात आलं नाही. बाजारातल्या पुड्यातल्या सोयाबीनच्या वड्या आईनं चारदोनदा रश्श्यात टाकल्या असतील, पण त्या वड्या आणि आपल्या रानातलं पीक ह्यांचा काही संबंध आहे असं आमच्यातल्या कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

आमच्याकडं विकायचं पीक वेगळं आणि खायचं वेगळं. शाळू खायचा. त्याची रास झाली की आई नारळ फोडायची, घरापुरती पोती बाजूला काढायची, आणि त्यात कडुलिंबाचा वाळवलेला पाला घालायची. किडा लागू नये म्हणून. तो पाला मूठमूठ घेऊन थराथरात पसरायची, एक थर शाळू, एक थर पाला, आणि वर्षभर दळण काढताना परातीत ती वाळलेली पानं निवडायचं काम माझ्याकडं असायचं. सोयाबीनच्या पोत्यात कधी पाला पडला नाही. ते मशीनमधून निघायचं ते थेट पोत्यात, पोतं टेंपोत, टेंपो मार्केट यार्डात. तिथं ते ओलाव्याचं मशीन, त्यात मूठभर दाणे घालायचे, बाराच्या वर आकडा गेला की दरात कट लागायचा. अण्णा त्या आकड्याकडं ज्या नजरेनं बघायचे ती नजर मी माझ्या दहावीच्या निकालालासुद्धा त्यांच्या डोळ्यात बघितली नाही. मग तेल गाळून घेणारे वेगळे, उरलेली पेंड कोंबड्यांच्या खाद्यात. आम्ही पिकवायचं, कोंबड्यांनी खायचं, हे इतकं अंगवळणी पडलेलं की त्यात काही विचित्र वाटायचं नाही.

आणि हे कुठं, तर सांगलीत. सांगलीच्या उशाला कसबे डिग्रज आहे, तिथं राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे, आणि आज महाराष्ट्रभर जो केडीएस ७२६ म्हणजे फुले संगम वाण पेरतात तो तिथला. त्या 'केडीएस'मधलं केडी म्हणजे कसबे डिग्रजच. नांदेड-लातूरचा शेतकरीसुद्धा आमच्या डिग्रजचं नाव घेऊन बियाणं मागतो. दाण्यात चाळीस टक्के प्रथिनं, वीस टक्के तेल, एवढं ताकदीचं धान्य, आणि ज्या मातीत त्याचे वाण निघाले तिथल्या माणसाला लेकीनं ते खायला मागितलं तर आश्चर्य वाटतं. ह्यावर विचार करणारे लोक पूर्वीही होते. १९३५ साली गांधीजींनी 'हरिजन'मधे सोयाबीनबद्दल लिहिलं होतं आणि वर्ध्याच्या मगनवाडीत ते रोजच्या जेवणात घेऊन बघितलं होतं. ते वाचलं तेव्हा मला खूप बरं वाटलं, पण एक गोष्ट मला स्वतःच्या स्वयंपाकघरात कळली ती अशी की पौष्टिक आहे म्हणून कुणी काही फार दिवस खात नाही. चवीचं लागतं तेव्हाच ते घरचं होतं.

माझ्याकडं हे सगळं सुरू झालं लेकीमुळं. तिला दूध पचेनासं झालं, पोट दुखायचं, फुगायचं, मग दूध बंद, पनीर बंद. आणि ती पनीरवर जगणारी मुलगी. कुणीतरी सांगितलं टोफू आण, सोयाबीनचं दूध फाडून केलेली वडी असते ती. आणला. दुकानातलं ते पाण्यातलं पाकीट फोडलं, पनीरसारखेच तुकडे केले, पनीरसारखीच भाजी केली, आणि लेकीनं एक घास खाऊन ताट बाजूला सारलं. काही बोलली नाही. मीही खाल्लं, तर रश्श्याला चव होती आणि तुकड्याला नव्हती, आत नुसतं पाणी, वर थोडा आंबूस वास. पाकीट जुनं होतं बहुतेक.

पण मी सोडलं नाही. चूक टोफूची नव्हती, मी त्याला पनीर समजत होते ही चूक होती. पनीरला स्वतःची दुधाची चव असते, स्निग्धपणा असतो, ते रश्श्यात नुसतं टाकलं तरी चालतं. टोफू शांत असतो, त्याला आधी मीठ द्यावं लागतं, त्याचं पाणी काढावं लागतं, त्याला कडक आच दाखवावी लागते आणि मगच तो चव धरतो. चीनमधे हा पदार्थ दोन हजार वर्षांपासून आहे असं सांगतात, लिऊ आन नावाच्या राजपुत्रानं तो शोधला अशी दंतकथा आहे, इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातली. दंतकथा म्हणजे दंतकथा, पण ज्या लोकांनी एवढी शतकं एखादी गोष्ट रोज रांधली त्यांनी ती कशी रांधली हे बघितलं पाहिजे ना. त्यांनी ती मोठ्या जाळावर, लोखंडाच्या खोलगट कढईत, भाज्या आणि नूडल्सबरोबर परतली. आणि लोखंडाची खोलगट कढई माझ्याकडं होतीच. आईची.

ही कढई आईला तिच्या लग्नात मिळालेली. आतून काळी कुळकुळीत, तळ गुळगुळीत, दोन्ही कान जाड. तिच्यात आईनं पिठलं हाटलं, वांगी परतली, शेंगदाणे भाजले, सणासुदीची कानवलं तळली. आई गेल्यावर भांड्यांच्या वाटण्या अशा काही झाल्या नाहीत, वहिनी म्हणाली तुम्हाला काय हवं ते घेऊन जावा, मी कढई घेतली. तिला साबण लावत नाही. गरम पाणी, काथ्या, मग गॅसवर कोरडी करायची आणि तेलाचा बोळा फिरवायचा. आई असंच करायची, तिला कुणी 'सीझनिंग' हा शब्द सांगितला नव्हता.

तर अण्णा आले, पिशवीत पाच किलो सोयाबीन. म्हणाले, "रेट पडलाय, अजून वीस पोती तशीच हायती घरात." २०२४ च्या खरिपाचा हमीभाव ४८९२ होता क्विंटलला आणि यार्डात दर चार हजाराच्या आसपास घुटमळत होता, म्हणून त्यांनी माल ठेवून दिलेला. ऑपरेशन झालं, व्यवस्थित झालं, डोळ्यावर काळा चष्मा, खाली वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, धूर-धुळीत जायचं नाही. रानातल्या माणसाला असं बसवून ठेवणं म्हणजे काय असतं ते ज्यांच्या घरात असा माणूस आहे त्यांनाच कळेल. तिसऱ्या दिवशी ते फ्लॅटच्या गॅलरीत येरझाऱ्या घालून कंटाळले आणि स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसले.

त्या रात्री मी पाव किलो सोयाबीन भिजत घातलं. सकाळी ते दुपटीच्या वर फुगलेलं, गोल दाण्याचा लांबट, घेवड्यासारखा दाणा झालेला. टरफलं काढायला मी पातेलं घेऊन बसले तर अण्णांनी हात पुढं केला, "आण हिकडं." हात स्वच्छ धुतले, डोळ्याला हात लावायचा नाही हे मी दोनदा बजावलं, आणि ते पाण्यात दाणे चोळायला लागले. टरफलं वर तरंगायची, मी पाणी निथळून टाकायची. मधेच ते थांबले. दाणे ओळीनं बाजूला काढत होते, दहाची एक ओळ, अशा ओळी. मी म्हटलं काय करताय? "बघतोय उगवंल का." पेरणीच्या आधी ते ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून ठेवतात आणि कोंब आलेले मोजतात, सत्तर उगवले तर बियाणं चांगलं, तो हाताला लागलेला हिशेब. मोडलेले, टरफल फाटलेले दाणे त्यांनी वेगळे केले आणि म्हणाले, "ऐंशीच्या पुढं हाय. चांगलं बी हाय हे." आणि मग ते चांगलं बी त्यांनी स्वतःच्या हातानं मिक्सरच्या भांड्यात ओतलं. त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा काय होतं ते काळ्या चष्म्यामुळं मला दिसलं नाही.

वाटताना पाणी कढत घ्यायचं. हे मला तिसऱ्या खेपेला कळलं. गार पाण्यात वाटलं की सोयाबीनमधलं एक एन्झाईम कामाला लागतं आणि तो कच्चा, हिरवट, रानातल्या ओल्या शेंगेसारखा उग्र वास येतो, जो पुष्कळांना नको वाटतो, कढत पाण्यानं ते तिथंच थांबतं. मग सुती पंचातून गाळायचं. पिळून पिळून हात दुखतात. चोथा टाकायचा नाही, तो थालीपिठात जातो, कांदा-कोथिंबीर घालून, आणि फार खुसखुशीत होतं थालीपीठ.

दूध उकळणं हा खरा पहाऱ्याचा भाग. मोठं पातेलं घ्या, अर्धंच भरा, कारण हे दूध उकळायच्या आधीच फेसानं वर येतं आणि माणसाला वाटतं उकळलं, आणि गॅस बंद करतात. ते उकळलेलं नसतं. कच्च्या सोयाबीनमधे प्रथिनं पचू न देणारे घटक असतात, ते मरायला खरी उकळी आल्यावर मंद आचेवर पुढं दहा-पंधरा मिनिटं तरी लागतात, तळाला लागू नये म्हणून सारखं ढवळत. मी पाठ करून लिंबं चिरत होते आणि अण्णा दारातून म्हणाले, "बारीक कर, आलं वर." त्यांना दिसत नव्हतं, पातेलं माझ्या आडच होतं. मी वळले तर फेस काठाला टेकलेला. मी म्हटलं तुम्हाला कसं कळलं? तर म्हणाले, "आवाज बदलला की." आयुष्यभर काकवीच्या कढईपाशी गुऱ्हाळात बसलेला माणूस, त्याला फेस कुठं आलाय ते ऐकू येतं.

दहा मिनिटांनी वास बदलतो. कच्चा वास जातो आणि भाजलेल्या शेंगांच्या जवळचा, गोडसर वास येतो, तिथं आपण योग्य जागी पोचलो. गॅस बंद करून जरा निवू द्यायचं, मग दोन लिंबांचा रस थोड्या पाण्यात मिसळून तीन वेळा करून घालायचा आणि अगदी हळू, एकदाच, पळी फिरवायची. (चीन-जपानमधे मीठ काढून उरलेलं मॅग्नेशियमचं खारं पाणी नाहीतर जिप्सम वापरतात, त्यानं जास्त मऊ होतो. आपल्याकडं द्राक्षबागेत मॅग्नेशियम सल्फेट सर्रास असतं म्हणून सांगते, ते खताचं पोतं ह्यासाठी अजिबात वापरू नका, खाण्याच्या प्रतीचंच हवं. लिंबू उत्तम.) मिनिटभर काहीच होत नाही. मग एकदम दुधाचे ढग व्हायला लागतात, आणि ढगांच्या मधून पिवळसर निवळी दिसायला लागते, पावसाळ्यानंतर नदी निवळते तशी. अण्णा खुर्चीवरून उठून बघायला आले. चष्मा लावूनच वाकून, मग मी ओरडल्यावर ताठ होऊन. बराच वेळ बघत राहिले. "फाटलं की गं दूध," म्हणाले, आणि थोड्या वेळानं, "ह्येच ते व्हय."

चाळणीत फडकं, त्यात तो सगळा गोळा, फडक्याची घडी, वर ताटली, ताटलीवर वरवंटा. अर्ध्या तासानं उघडलं तर तळहाताएवढी, फडक्याची वीण उमटलेली, कोमट वडी. पाव किलो सोयाबीनची वडी साडेतीनशे-चारशे ग्रॅमची होते. कोपरा मोडून मीठ लावून अण्णांना दिला. त्यांनी तोंडात घोळवला. "चव नाही," म्हणाले, "पण चांगलं हाय." मला ह्यापेक्षा नेमकं कुणी टोफूबद्दल बोललेलं आठवत नाही.

आता नूडल्सबद्दल थोडं सांगते, कारण ह्या पदार्थाकडं बघायची माझी नजर एका गोष्टीनं बदलली. चीनमधे पिवळ्या नदीच्या वरच्या अंगाला लाजिया नावाची जागा आहे. तिथं उत्खननात एक मातीचा वाडगा सापडला, पालथा पडलेला, आणि त्याच्याखाली नूडल्स. चार हजार वर्षांपूर्वीच्या. बारीक, पिवळ्या, हातभर लांब. २००५ साली संशोधकांनी त्याबद्दल लिहिलं, आणि त्या गव्हाच्या नव्हत्या तर राळा आणि वरी ह्यांच्या पिठाच्या होत्या असं मांडलं. राळा म्हणजे आपला राळा, संक्रांतीच्या भोगीला राळ्याचा भात करतात तो. ते गाव भूकंपानं आणि नदीच्या पुरानं गाडलं गेलं होतं, आणि वाडगा पालथा झाला, वर गाळ बसला, म्हणून आतलं टिकलं.

सांगलीच्या माणसाला हे वाचून नुसती माहिती मिळत नाही. २०१९ च्या ऑगस्टमधे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, ४५ ला धोका म्हणतात तिथं. आमचं मळीचं रान दहा-बारा दिवस पाण्याखाली होतं, सोयाबीन फुलात आलेलं. पाणी उतरल्यावर मी गावाकडं गेले तर रानात उभं पीक नव्हतं, नुसता काळा वास होता, आणि घरात ओट्यापर्यंत गाळ. आईनं तो गाळ उपसताना एकेक भांडं काढलं, धुतलं, पुसलं. ही कढई त्या गाळात पालथी सापडली होती, चुलीपाशी. तिच्या आत गाळ गेला नव्हता. म्हणून तो लाजियाचा वाडगा माझ्यासाठी कुठल्या तरी म्युझियममधली वस्तू राहत नाही. कुणीतरी संध्याकाळचं जेवायला बसलं होतं.

असो. रविवारी संध्याकाळी नूडल्स केल्या. कसं केलं ते नीट सांगते, कारण चव सगळी ह्या बारीकसारीक गोष्टीत आहे.

टोफूचे दोन पेरांएवढे तुकडे केले, कढत मिठाच्या पाण्यात पंधरा मिनिटं ठेवले, हे उलटं वाटतं, पण गरम खारं पाणी आतलं पाणी बाहेर काढतं आणि मीठ आत नेतं. मग फडक्यावर पसरून कोरडे. वरून चिमूट कॉर्नफ्लॉवर. नूडल्स उकळत्या खारट पाण्यात, पण पाकिटावर जेवढा वेळ लिहिलाय त्याच्या मिनिटभर आधी काढायच्या, गार पाण्याखाली धुवायच्या, चमचाभर तेल चोळायचं आणि परातीत पसरून पंख्याखाली ठेवायच्या, अर्धा तास. ओल्या नूडल्स कढईत गेल्या की वाफ होते आणि मग ते परतणं राहत नाही, खिचडी होते. कोबी, गाजर, ढबू मिरची उभी बारीक, कांद्याची पात पांढरी वेगळी हिरवी वेगळी. लसूण भरपूर, दहा-बारा पाकळ्या, आल्याचा तुकडा. वाटीत सॉस: दोन चमचे सोया सॉस, एक चमचा व्हिनेगर, भिजवलेल्या तीन ब्याडगी मिरच्यांचं वाटण, मिरपूड, आणि सुपारीएवढा गूळ. साखर नाही, गूळ. सांगली गुळाची पेठ आहे म्हणून नव्हे, गुळाला जो खारट-करपट असा मागचा स्वाद असतो तो सोया सॉसशी फार जुळतो. आणि सोया सॉस म्हणजे तरी काय, सोयाबीन आणि गहू ह्यांना बुरशी लावून, मिठाच्या पाण्यात महिनोन्महिने आंबवून काढलेला रस. हे मी अण्णांना सांगितलं तर बाटली हातात घेऊन उजेडाकडं धरून त्यांनी बघितली. "ह्यातबी तेच?" ह्यातबी तेच.

अण्णांना मी हॉलमधे बसवलं, स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं, खिडकी उघडली, कारण आता धूर होणार आणि त्यांचा डोळा. कढई पूर्ण आचेवर, कोरडी, तिच्यातून बारीक धूर निघेपर्यंत. मग शेंगतेल, कडेनं फिरवून. टोफूचे तुकडे एकेक करून ठेवले आणि हात मागं घेतला. इथं सगळे चुकतात, मीही चुकत होते, लगेच हलवायला जातो आणि तुकडा तळाला चिकटून फाटतो. भाकरी तव्यावर टाकल्यावर आपण तिला उचकटतो का? नाही. ती भाजली की आपण होऊन सुटते. तसंच हे. दोन-तीन मिनिटांनी कढई हलवली की तुकडा सरकतो, मग उलटायचा, खालची बाजू भाकरीच्या पापुद्र्यासारखी लालसर, ठिपक्यांची. चारी बाजूंनी झाले की काढून ठेवायचे.

घरच्या गॅसला हॉटेलच्या भट्टीची ताकद नसते, म्हणून सगळं एकदम घालायचं नाही. मी तिघांचं दोन घाण्यांत करते. परत तेल, लसूण-आलं, पातीचा पांढरा भाग, दहा आकडे मोजेपर्यंत. भाज्या, दीड-दोन मिनिटं, कोबी कराकर वाजला पाहिजे. नूडल्स. आणि सॉस मधे नाही ओतायचा, कढईच्या कडेनं ओतायचा, तापलेल्या लोखंडावर तो चर्र करून जळतो, गूळ किंचित करपतो आणि तो जो वास उठतो तोच सगळा मामला आहे. कँटनकडची माणसं त्याला वोक हेई म्हणतात, म्हणजे कढईचा श्वास. मग टोफू आत, पात वर, गॅस बंद.

तो वास दाराच्या फटीतून बाहेर गेला असणार. अण्णा हॉलमधून म्हणाले, "तुझ्या आईनं कढईत मसाला परतला काय गं?" आणि मग गप्प झाले. आम्ही दोघंही गप्प झालो. लेकीनं ताटं घेतली.

वरून दाण्याचं जाडसर कूट घातलं. अण्णांनी नूडल्स चमच्यानं खायचा प्रयत्न केला, मग हातानं खाल्लं, पाची बोटांनी, शेवया खातात तसं. पहिला टोफूचा तुकडा त्यांनी वेगळा काढून बोटांनी दाबून बघितला, बाहेरून टणक, आत मऊ, मग खाल्ला. काही बोलले नाहीत. दुसरा खाल्ला. ताट पुढं केलं. लेक म्हणाली, आजोबा, तुमच्या शेतातलं आहे हे. ते म्हणाले, "व्हय बाळ. म्हाईत हाय." आणि जेवून झाल्यावर ताटात उरलेला दाण्याचा कूट बोटानं टिपता टिपता, माझ्याकडं न बघता म्हणाले, "तीस वर्सं झाली बघ." पुढं काही म्हणाले नाहीत, मीही विचारलं नाही.

मला वाईट वाटलं. आईनं हे खाल्लं नाही ह्याचं. ती टोकणीला बायकांच्या पुढं असायची, कमरेत वाकून सरीनं एकेक दाणा, काढणीला विळ्यानं हात कापलेले, मशीनपुढं तोंडाला पदर बांधून उभी. तिला चव कळायची. तिनं हा टोफू नुसता बघून सांगितलं असतं की ह्याला लसणाची चटणी लावून तव्यावर टाक, आणि ते बरोबर असतं, मी नंतर करून बघितलं, काळा मसाला आणि लसूण लावून. उत्तम लागतं.

तीन आठवड्यांनी अण्णा गावाला गेले. जाताना विचारलं, "लिंबं किती म्हणलीस?" मी म्हटलं, दोन, पाव किलोला. त्यांनी मान हलवली. पुढं यार्डात दर फारसा काही वर आला नाही, त्यांनी मेमधे माल देऊन टाकला, खताला पैसे लागणार होते. भाव काय मिळाला ते सांगितलं, मी इथं लिहीत नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात भाऊ कामानं सांगलीला आला तेव्हा अण्णांनी त्याच्याबरोबर पिशवी पाठवली. दहा किलो सोयाबीन. "तुझ्यासाठी पोतं बाजूला ठेवलंय, लागंल तसं मागव" असा निरोप. रात्री भिजत घालायला मी परातीत दोन वाट्या ओतल्या, आणि निवडायला बसले, तर दाण्यांत वाळलेला कडुलिंबाचा पाला होता.